मोहाची पहिली पायरी



अभ्यासासाठी वचने: उत्पत्ति ३९:७-१२, मत्तय ४:१-११, याकोब १:१२-१५, १ करिंथ १०:१२-१३.

धडा वाचण्यापूर्वी ही वचने एकदा सावकाश वाचा आणि बायबल शेजारी उघडे ठेवा.

एप्रिल-मे महिन्यात आमच्या रायपूरला ऊन उतरले की पानठेल्यांवर एकच विषय असतो: आजचा सामना कोण जिंकणार? ऐकायला हा साधा प्रश्न आहे. पण त्याच वेळी कितीतरी तरुणांच्या फोनवर एक संदेश येतो. आयडी चालू आहे, पहिल्या भरण्यावर बोनस मिळेल, पैसे लगेच खात्यात जमा होतील. असा संदेश मलाही आला होता. तेव्हा मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. मी दोनशे रुपये लावले आणि तीनशे ऐंशी परत आले. त्या रात्री मला वाटले की आपल्याला खेळ कळतो.

तीन आठवड्यांनी माझ्या खात्यातून अकरा हजार चारशे रुपये गेलेले होते. ते पैसे बाबांनी कोचिंगच्या हप्त्यासाठी पाठवले होते. पावती कुठे आहे असे त्यांनी विचारले, तेव्हा मी म्हणालो, "पुढच्या आठवड्यात देणार आहेत." याच दिवसांत मी या संकेतस्थळासाठी एका धड्याचे भाषांतर करत होतो. दिवसा मी पवित्रतेविषयीची वाक्ये मराठीत आणत होतो आणि रात्री चादरीखाली फोन पाहत होतो. हे मी स्वतःची कहाणी सांगण्यासाठी लिहीत नाही. मी कोणत्या पायरीवर चुकलो, हे मला नंतर वचनातून समजले. तुमचा मोह कदाचित वेगळा असेल. दारू, गुडाखू, गुटखा, अश्लील चित्रफिती, उधारीची चैन, राग, दुसऱ्याच्या निंदेची गोडी, यांपैकी काहीही असेल. पायऱ्या मात्र सारख्याच असतात.

१. मोह येणे म्हणजे पाप नव्हे

पुष्कळ विश्वासणारे इथेच हार मानतात. मनात वाईट विचार आला की ते म्हणतात, "आता पडलोच आहे, तर राहिलेलेही करून टाकू." असा विचार करणे चूक आहे. प्रभू येशूचीही परीक्षा झाली. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात लेखक सांगतो की आपल्याप्रमाणेच त्याची सर्व बाबतीत पारख झाली, तरी तो निष्पाप राहिला. म्हणजे मोहाचा सामना करावा लागणे आणि मोहाला होकार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत 'परीक्षा' आणि 'मोह' या दोन्हींसाठी एकच शब्द येतो. कोणता अर्थ घ्यायचा ते संदर्भावरून ठरते. सोनार सोने कसाला लावतो ते शुद्धता पाहण्यासाठी. चोर दाराची कडी हलवून पाहतो तो आत शिरण्यासाठी. पारख दोघेही करतात, पण त्यांचे हेतू अगदी उलटे असतात. म्हणून याकोब स्पष्ट सांगतो की देव कोणाला पापाच्या मोहात घालत नाही. कठीण प्रसंगात देव आपला विश्वास भक्कम करू पाहतो आणि सैतान तोच प्रसंग आपल्याला पाडण्यासाठी वापरतो. प्रसंग एकच असला तरी आपण कोणाचे ऐकतो यावर पुढचे सारे अवलंबून असते.

२. याकोबाने दाखवलेल्या पायऱ्या

याकोब १:१४-१५ मध्ये पापाची वाढ क्रमाने सांगितली आहे. आधी माणसाची स्वतःची वासना त्याला ओढते आणि भुलवते. मग ती वासना गर्भवती होते. मग पाप जन्माला येते. आणि पाप वाढून पूर्ण झाले की मरण येते.

यात दोन गोष्टी नीट पाहा. पहिली गोष्ट अशी की 'भुलवणे' यासाठी याकोबाने वापरलेला शब्द मासेमारीतला आहे. त्याचा अर्थ आमिष लावणे. माशाला गळ दिसत नाही, आमिष दिसते. आमिष खोटे नसते, ते खरेच खाण्याजोगे असते. माझे पहिले एकशे ऐंशी रुपये खरेच होते आणि ते खरेच खात्यात आले होते. ते आले म्हणूनच मी पुढे गेलो.

दुसरी गोष्ट अशी की गर्भ राहिल्यापासून जन्मापर्यंत वेळ जातो आणि त्या काळात बाहेर काहीच दिसत नाही. आपण पाप मोजतो ते हात उचलल्यापासून, पैसे लावल्यापासून किंवा बाटली उघडल्यापासून. याकोब आपल्याला त्याच्या कितीतरी मागे नेतो. मनात त्या गोष्टीसाठी जागा करून देण्याच्या क्षणापाशी तो बोट ठेवतो. प्रतिकाराची खरी जागा तीच आहे, कारण तिथे ओढ लहान असते आणि आपली शक्ती शाबूत असते.

३. आमिषाचा हिशेब

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, म्हणून एक सोपा हिशेब मांडतो. समजा, नाणेफेकीवर शंभर रुपये लावायचे आणि जिंकल्यास एकशे नव्वद मिळायचे. पाहायला हे बरोबरीचे वाटते. आता असे शंभर डाव खेळा. एकूण दहा हजार रुपये लागले. नाणे प्रामाणिक असेल तर सरासरीने पन्नास वेळा तुम्ही जिंकाल आणि नऊ हजार पाचशे परत येतील. पाचशे रुपये गेले, आणि यात कोणी फसवणूकही केलेली नाही. भावाची रचनाच अशी असते. माणूस हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा खेळतो, तेव्हा दर डावाला हीच कपात पुन्हा होते. जितके जास्त डाव, तितका तोटा निश्चित.

हा हिशेब मला दुसऱ्या वर्षातही करता येत होता. परीक्षेत विचारला असता तर पूर्ण गुण मिळाले असते. तरीही मी खेळलो. यावरून एक धडा घ्या: केवळ ज्ञान मोहाला थांबवत नाही. तंबाखूच्या पुडीवर छापलेले चित्र रोज पाहणारा माणूसही ती पुडी फाडतो. मोहाची मुळे बुद्धीपेक्षा खोल असतात.

४. आपल्या दाराशी घडलेले

रायपूरपासून तासाभराच्या अंतरावर भिलाई आहे. २०२३ साली तिथे मुळे असलेल्या 'महादेव' या बेटिंग अ‍ॅपचे प्रकरण देशभर गाजले. ईडीने अटका केल्या आणि ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने त्या अ‍ॅपसह २२ बेकायदा बेटिंग अ‍ॅप व संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने मंजूर केला.

दोषी कोण हे न्यायालय ठरवील. आपल्यासाठी त्यातली एक बाजू महत्त्वाची आहे. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार असे व्यवहार दुसऱ्यांच्या नावावर काढलेल्या बँक खात्यांतून फिरवले जात. ही खाती ज्यांच्या नावावर निघतात, त्यांत आपल्यासारखे विद्यार्थी आणि मजूरही असतात. "तुला काही करायचे नाही, फक्त पासबुक आणि एटीएम कार्ड दे, महिन्याला पैसे मिळतील." हाही मोहच आहे, आणि तो अधिक फसवा आहे, कारण यात आपण जुगार खेळत नाही असे मनाला सांगता येते. बंधूंनो, आपले नाव भाड्याने देता येत नाही. त्या खात्यातून जे फिरते त्याचा जाब पोलीस आपल्यालाच विचारतात, आणि देवही विचारतो.

सरकारने अ‍ॅप बंद केले ते चांगलेच झाले. पण एक बंद झाले की दुसऱ्या नावाने नवे येते. कायदा बाहेरचे दार लावू शकतो. आतली कडी आपल्यालाच घालावी लागते.

५. मोह घाव कशावर घालतो?

आता मत्तय ४ उघडा. यार्देन नदीवर येशूने नुकतेच ऐकले होते की तो पित्याचा प्रिय पुत्र आहे. लगेच पुढच्या अध्यायात सैतान येतो आणि तिथूनच सुरुवात करतो: तू देवाचा पुत्र असशील तर. चाळीस दिवसांच्या उपासाने भूक लागली होती आणि भाकर मागण्यात पाप नव्हते. मग सैतान काय सुचवत होता? पिता तुला उपाशी ठेवतो आहे, तेव्हा तुझे तूच पाहून घे, असे तो सुचवत होता. तो घाव पित्यावरच्या भरवशावर होता.

येशूने तिन्ही उत्तरे अनुवादाच्या पुस्तकातून, त्याच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतून दिली. हे अध्याय इस्राएलाच्या अरण्यातल्या चाळीस वर्षांविषयी आहेत. तिथे देव रोजचा मान्ना रोज देत असे. ज्यांनी उद्यासाठी साठवून ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले (निर्गम १६). रोज मिळते तेवढ्यावर पित्यासोबत चालायला शिकणे हाच तो धडा होता. इस्राएल त्यात नापास झाले आणि येशू उत्तीर्ण झाला.

माझ्या दोनशे रुपयांच्या मागेही हाच संशय होता. बाबांचा पगार लहान आहे, वर्गमित्रांचे फोन मोठे आहेत, देव देतो पण फार हळू देतो. हे मी कधी तोंडाने बोललो नाही, पण मनात ते होतेच. तुमच्या मोहामागचे वाक्यही शोधा. "माझे दुःख देवाला दिसत नाही, म्हणून मी पितो." "मला कोणी प्रेम देणार नाही, म्हणून मी हे पाहतो." वासनेच्या तळाशी बहुतेक वेळा पित्याविषयीचे एक खोटे दडलेले असते. ते खोटे सापडले की वचनाने उत्तर देता येते.

इथे आपल्या मराठी मंडळीतले एक नाव आठवते. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. आज रायपूर-नागपूर प्रवासात आपण याच मार्गाने जातो. त्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. वाचता वाचता मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि त्यांना ते सोडवेना. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नातेवाईक दुरावले, काही वर्षे पत्नीचाही वियोग सोसावा लागला. त्याच प्रवचनात पुढे पाखरे आणि रानफुले यांच्याकडे पाहायला येशू सांगतो. पित्याला आपल्या गरजा ठाऊक आहेत हा भरवसा बसल्यावर माणूस केवढे गमावायला तयार होतो, हे टिळकांच्या आयुष्यात दिसते.

६. "मी सांभाळून घेईन"

संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथात आलिपियुस या मित्राची हकिगत सांगितली आहे. तो कायदा शिकायला रोमला गेला होता. तलवारबाजांच्या रक्तरंजित झुंजींचा त्याला तिटकारा होता. एके दिवशी मित्रांनी त्याला ओढून आखाड्यात नेले. तो म्हणाला की तुम्ही माझे शरीर न्याल, पण माझे डोळे उघडू शकणार नाही. आणि खरेच तो डोळे मिटून बसला. पण कान उघडे होते. एक झुंजार पडला, लोकांनी एकच आरोळी ठोकली आणि कुतूहलाने आलिपियुसने डोळे उघडले. त्या क्षणी त्याला त्या दृश्याची चटक लागली. पुढे तो स्वतः इतरांना तिथे घेऊन जाऊ लागला. ऑगस्टीन म्हणतात की त्याने देवाऐवजी स्वतःवर भिस्त ठेवली होती.

आपणही असेच डोळे मिटून आखाड्यात बसतो. अ‍ॅप ठेवतो, पण उघडणार नाही म्हणतो. दारूच्या मैफलीत जातो, पण थंड पेय घेईन म्हणतो. १ करिंथ १०:१२ मध्ये पौल अशाच माणसाला सावध करतो: आपण उभे आहोत असे ज्याला वाटते, त्याने पडू नये म्हणून जपावे.

आता योसेफाकडे पाहा. तो झगा टाकून पळाला हे आपल्याला माहीत असते. पण त्याआधीचे दहावे वचन आपण घाईत वाचतो. पोटीफरची बायको दररोज त्याच्यामागे लागत असे, तरी तो तिचे ऐकत नसे, इतकेच काय, तिच्याजवळ थांबतही नसे. पळण्याचा तो एक दिवस अशा कितीतरी साध्या दिवसांवर उभा होता. पहिल्या पायरीवर रोज नाही म्हणणाऱ्याचे पाय शेवटच्या पायरीवरही चालतात.

१ करिंथ १०:१३ मध्ये दोन आश्वासने आहेत. आपल्यावर येणारा मोह माणसांना नेहमी येतो तसाच असतो, म्हणून तो सांगायला लाजू नका. आणि देव मोहाबरोबर बाहेर पडण्याची वाटही करून ठेवतो. ती वाट बहुधा सुरुवातीलाच असते. पुढे गेल्यावरही ती असते, पण तिच्यापर्यंत पोहोचणे कठीण होते.

७. आजपासून काय करावे?

मोहाला नाव द्या. "माझी एक कमजोरी आहे" असे मोघम म्हणू नका. "मी सट्टा लावतो", "मी रात्री हे पाहतो" असे प्रार्थनेत स्पष्ट बोला.

तुमची पहिली पायरी शोधा. कोणत्या वेळी, कोणासोबत, कोणत्या मनःस्थितीत ओढ सुरू होते ते आठवडाभर वहीत लिहा. माझी वेळ रात्री दहानंतरची होती, एकटा आणि अभ्यासाचा कंटाळा आलेला असताना. आता रात्री दहाला फोन आईच्या खोलीत जातो.

दार आधीच लावा. अ‍ॅप काढा, नंबर ब्लॉक करा, फोनवरून पैसे पाठवण्याची मर्यादा कमी करा, घरी जाण्याचा रस्ता बदला. शांत मनाने सकाळी घेतलेला निर्णय रात्रीच्या ओढीवर उपयोगी पडतो.

एका माणसाला सांगा. पाप अंधारात वाढते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना माहीत आहे की टिळकांचा तापट स्वभाव आणि हातात न टिकणारा पैसा याविषयी त्या किती मोकळेपणाने लिहितात. त्यामुळे टिळकांची उंची कमी झाली नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये मात्र आपण साक्ष देतो ती विजयाची आणि लढाई लपवून ठेवतो. याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापे कबूल करायला सांगितले आहे. विश्वासू, तोंडाला कुलूप असणारा एक भाऊ किंवा एक बहीण पुरे.

रिकामी जागा भरा. लूक ११:२४-२६ मध्ये झाडून स्वच्छ केलेल्या पण रिकाम्या घराचा दाखला आहे. गेलेला दुष्ट आत्मा आणखी सात जणांना घेऊन परत येतो. नुसती सवय सोडू नका. त्या वेळेत वचन, काम, खेळ, कोणाची सेवा, काहीतरी ठेवा.

मदत घ्यायला लाजू नका. व्यसन खोल गेले असेल तर प्रार्थनेबरोबर उपचारही घ्या. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे आणि ती विनामूल्य आहे. डॉक्टरकडे जाणे हा अविश्वास नव्हे.

८. आणि पडलो तर?

पेत्राने तीनदा नाकारले आणि यहूदाने विकले. दोघांनाही पस्तावा झाला. पेत्र रडला, पण तो शिष्यांमध्ये राहिला आणि उठलेल्या प्रभूला भेटला. यहूदा एकटाच निघून गेला. पडल्यानंतर सैतानाचा दुसरा वार हाच असतो: आता कोणाला तोंड दाखवणार? त्याचे ऐकू नका. आपण पापे कबूल केली तर क्षमा करण्यास देव विश्वासू आहे, असे १ योहान १:९ मध्ये आश्वासन आहे.

मी शेवटी आईला सांगितले. ती भाजी निवडत होती. मला वाटले होते की ती ओरडेल. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस रे? तेव्हा दोनशेच गेले असते." तेव्हा मला याकोबाचे ते वचन समजले, जे मी मराठीत लिहून काढले होते. बाबांना सांगणे त्याहून अवघड गेले. सहावी-सातवीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन मी ते पैसे आठ महिन्यांत परत केले. आजही सामना सुरू झाला की हात फोनकडे जातो. तेव्हा मी उठतो आणि स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन बसतो. ती काही विचारत नाही. तिला कळते.

प्रिय वाचका, तुम्ही आज कोणत्या पायरीवर आहात हे तुम्हाला आणि देवाला माहीत आहे. पहिल्या पायरीवर असाल तर आजच मागे फिरा. अकराव्या पायरीवर असाल तरी आजच फिरा, कारण बारावीपेक्षा अकरावीवरून परतणे सोपे आहे.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. माझ्या मोहाची पहिली पायरी कोणती? ती कोणत्या वेळी येते?
२. त्या मोहामागे पित्याविषयीचे कोणते खोटे वाक्य आहे? त्याला कोणते वचन उत्तर देते?
३. "मी सांभाळून घेईन" असे म्हणून मी कोणत्या आखाड्यात बसलो आहे?
४. या आठवड्यात मी कोणत्या एका व्यक्तीला खरे सांगणार आहे?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू मला विसरला नाहीस हे मला पुन्हा शिकव. मोह लहान असतानाच तो ओळखण्याची बुद्धी दे, आणि ओळखल्यावर तिथून उठून जाण्याचे बळ दे. जे मी लपवले आहे ते उजेडात आणण्याचे धैर्य दे. जो अरण्यात आमच्यासाठी उभा राहिला आणि पडला नाही, त्या तुझ्या पुत्राच्या, प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.